आधी पायाखाली बघा: घरासाठी नैसर्गिक फरशी निवडताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा आईच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही फावड्याने गाळ ओढला, पाइप लावून फरशी धुतली आणि दारं-खिडक्या सताड उघडी टाकली. दिवाळीपर्यंत दोन फरशा सोडल्या तर सगळी जुनी शहाबादी होती तशी झाली. शेजारच्या नव्या बंगल्यात लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट होतं. ते फुगून कडांना वर आलं आणि शेवटी ट्रॉलीत भरून गेलं. तेव्हापासून कुणी 'इको-फ्रेंडली फ्लोअरिंग' म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, भिजलं तर काय होतं?

आईचं घर, पुण्यातला आमचा फ्लॅट आणि कोकणातलं सासरचं घर, अशा तीन घरांच्या फरशीच्या भानगडी मी निस्तरल्या आहेत. त्यातून जे कळलं ते ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने सांगते.

आहे ती फरशी आधी तपासा

सर्वांत कमी प्रदूषण करणारी फरशी बहुतेक वेळा तुमच्या घरात आधीच बसलेली असते. तिचा दगड खाणीतून निघालाय, ट्रकने आलाय, त्याचा जो काही भार पृथ्वीवर पडायचा तो पडून गेलाय. ती उकरली की तिचा राडारोडा होतो, आणि राडारोडा शेवटी कुठे जाऊन पडतो हे नदीकाठी फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको.

लाटणं किंवा रुपयाचं नाणं घ्या आणि खोलीभर ठोकत जा. भरीव आवाज आला तर खालचा माल पक्का आहे. डबडब वाजलं तर तिथे पोकळी झाली आहे, त्या फरशीवर खडूने फुली मारा. दहांत एक-दोन फुल्या असतील तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात. निम्म्याहून जास्त असतील तरच उकरण्याचा विचार करा.

जुन्या इमारतींतली मोझॅक तर हमखास वाचते. सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून केलेली ही फरशी मळकट दिसते म्हणून लोक तिच्यावर टाइल चिकटवतात. खरं तर मशीनने वरचा थर घासला की आतले तुकडे नव्याने उजळतात. तीन-चार दिवस घर डोक्यावर घ्यावं लागतं, हे मान्य. घासाईचा जो पांढरा चिखल निघतो तो बादलीत जमवून बाहेर वाळवायला सांगा. मोरीत ओतला की पाइपात घट्ट बसतो आणि प्लंबरचा खर्च वेगळा.

तळमजल्यावर असाल तर आणखी एक चाचणी करा. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले तर ओल जमिनीतून वर येते आहे. मग लाकूड, बांबू आणि कॉर्क (झाडाच्या सालीची फरशी) यांची नावं इथेच खोडून टाका. ओलीचा बंदोबस्त न करता वर काहीही घातलं तरी लोणा फुटणारच.

खोलीनुसार विचार करा

एकच फरशी सगळ्या घरभर, ही बिल्डरची सोय. तुम्ही कागद घ्या, खोल्यांची नावं लिहा आणि प्रत्येकीपुढे तीन गोष्टी मांडा: पाणी किती सांडतं, आंबट आणि तेल किती सांडतं, आणि तिथे कोण वावरतं.

आंबटाचं विशेष. शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचं आगळ, व्हिनेगर यांतल्या आम्लाने चुनखडी विरघळते. फरशीवर जो निस्तेज पांढरट डाग उमटतो तो मळ नसतो, तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. घासून तो जात नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. सांडलेलं लगेच पुसणारं घर असेल तर स्वयंपाकघरातही शहाबादी चालते. आमच्याकडे उन्हाळ्यात कोकम सरबताचा कारभार असतो, म्हणून ओट्याखाली ग्रॅनाइटची पट्टी घातली. तिला आंबटाने काही होत नाही.

म्हातारी माणसं असतील तर आरशासारख्या चकाकीच्या नादी लागू नका. दुकानात ती छान दिसते. ओल्या पायांनी न्हाणीतून बाहेर येणाऱ्या सासूबाईंना मात्र मॅट फरशीच बरी.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर वजनाचा हिशेब आधी करा, तो कुणी सांगत नाही. २५ मिलिमीटर जाडीचा चुनखडीचा दगड चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतो. खाली पाच सेंटिमीटरचा सिमेंट-वाळूचा थर म्हणजे आणखी १०० किलोच्या आसपास. एकूण १६५. इमारतीच्या आराखड्यात फरशीसाठी बहुधा चौरस मीटरला १०० किलोच धरलेले असतात. जुनी फरशी तशीच ठेवून वर दगड बसवायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नका. स्लॅबसाठी पातळ दगड आणि पातळ थर हा मार्ग असतो, पण त्यासाठी खालची पातळी चोख लागते.

'नैसर्गिक' शब्दाला भुलू नका

माझे प्रश्न तीनच: किती तापवलं, किती लांबून आणलं, आणि उद्या काढलं तर पुन्हा वापरता येईल का?

व्हिट्रिफाइड टाइल साधारण १२०० अंश सेल्सियसला भाजतात. सिमेंटचं क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते भाजलेले खडे, १४५० अंशांच्या आसपास, शिवाय चुनखडी भाजताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो तो निराळाच. दगडाला भट्टी लागत नाही, कापायची आणि घासायची वीज तेवढी लागते. पुन्हा वापरायच्या बाबतीतही दगडच पुढे. वाडा पाडला की त्याच्या शहाबाद्या विकल्या जातात. पाडलेल्या फ्लॅटमधली टाइल मी अजून कुणी विकत घेताना पाहिलेली नाही.

म्हणून दगड सोवळ्यातला ठरत नाही. खाणीचा खड्डा मागे राहतो आणि कापताना उडणारी धूळ कामगाराच्या छातीत जाते. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या सिलिकोसिसचा, म्हणजे दगडातल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात बसून होणाऱ्या आजाराचा, प्रश्न इतका मोठा की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटच्या मानाने चुनखडीत सिलिका कमी, पण धूळ ती धूळच. तुमच्या हातात एवढं नक्की आहे की घरात कटर चालेल तेव्हा पाणी सोडूनच कापायला लावा आणि कापणाऱ्याला नाकावर रुमालाऐवजी नीट मास्क आणून द्या.

दगड: वखारीत जाऊन बघायची गोष्ट

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर बसलाय. त्या बेसाल्टचे चिरे निघतात, पाटा-वरवंटा होतो, पण त्याच्या पातळ लाद्या सुटत नाहीत. लाद्या सुटायला थरांवर थर साचलेला गाळाचा दगड लागतो. तो कातळाच्या आग्नेय कडेला, भीमेच्या खोऱ्यात आहे. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, तांदूर पलीकडे तेलंगणात. मुंबईहून सोलापूर, वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच शहाबाद असल्याने त्याच्या लाद्या पुण्या-मुंबईच्या चाळींपर्यंत पोचल्या. पुण्याहून हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. कोटा राजस्थानातून येतो, म्हणजे याच्या दुपटीहून जास्त. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या माणसाने कोटा घ्यावा याचं मला नवल वाटतं.

शहाबादी राखाडी, तांदूर निळसर किंवा पिवळट, कोटा हिरवट आणि कडप्पा काळा. मोबाइलवरच्या फोटोवर रंग ठरवू नका. वखारीत एक बाटली पाणी, एक लिंबू आणि घराची किल्ली घेऊन जा.

लादी उभी करून किल्लीने ठोका. टण्ण वाजली तर अखंड आहे. भद्द आवाज आला तर आत थर सुटलाय किंवा बारीक चीर आहे. ती दिसत नसेल तर वरून पाणी ओता आणि दोन मिनिटं थांबा. सगळी लादी सुकत आली तरी चिरेतली ओली रेघ काळी दिसत राहते. मागची बाजूही बघा: पापुद्रे नखाने निघत असतील तर परत ठेवा. जाडी चार कोपऱ्यांवर मोजा. एका कोपऱ्यात २० आणि दुसऱ्यात ३० मिलिमीटर असेल तर मिस्त्री ती तूट मसाल्याने भरणार आणि तिथेच पुढे पोकळी होणार. लिंबू शेवटी, तेही त्यांना विचारून एखाद्या तुटक्या तुकड्यावर: पाच मिनिटांनी पुसून डाग बघा आणि असा डाग आपल्या घरात आपल्याला सोसेल का ते ठरवा.

माल एकाच लॉटमधला, एकदमच घ्या. नंतर आणलेल्या लाद्यांचा रंग जुळत नाही. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, त्यात काटछाट आणि तुटीसाठी दहा टक्के धरा, १३२. दोन फुटी लाद्या ३३ लागतील. एकेक लादी २४ किलोंची, म्हणजे खोलीला जवळपास ८०० किलो. लिफ्ट बंद असलेल्या सोसायटीत हे आकडे हमालांना आधी सांगितलेले बरे.

जुन्या वाड्यातल्या लाद्या मिळाल्या तर त्या पहिल्या. इतकी वर्षं पायांनी घासून जो गुळगुळीतपणा आलेला असतो तो कुठल्याही पॉलिशने येत नाही. कडा झिजलेल्या असतात, त्या पुन्हा कापून घ्याव्या लागतात, आकार थोडा लहान होतो एवढंच.

कोबा, ऑक्साइड आणि भाजलेली माती

लाल कोबा हल्ली पुन्हा फॅशनमध्ये आला आहे. सिमेंटच्या थरावर लोखंडाच्या ऑक्साइडचा रंग मिसळलेला थर देऊन तो थापीने घोटतात. दिसायला देखणा, अनवाणी पायांना गार. त्यात सिमेंट आहे हे विसरून चालणार नाही, पण थर पातळ असतो आणि चिकटवायला, ग्राउट भरायला काही लागत नाही. अडचण कारागिराची. घोटणारा हात असेल तर पन्नास वर्षं बघायला नको, नसेल तर वर्षभरात पापुद्रे. नव्या माणसाकडून आधी मागच्या पडवीत दोन फुटी चौकोन करून घ्या, आठवडाभर पाणी मारा आणि मग बघा. एका खोलीचं काम एका दिवसात उरकायला हवं, दुसऱ्या दिवशीचा रंग जुळत नाही. चार-चार फुटांवर काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टाकून घ्या. कोब्याला तडा जातोच. पट्टी असली तर तो बहुतेक पट्टीच्या कडेने जातो.

भाजलेल्या मातीच्या टाइल्स अंगणाला, पडवीला, गच्चीला उत्तम. व्हिट्रिफाइडपेक्षा कमी तापमानाला भाजतात, पण म्हणूनच पाणी आणि तेल शोषतात. बसवून पूर्ण सुकल्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. इथे एक धोका आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून मगच फेका किंवा एकेक पसरून वाळवा.

तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातल्या अथंगुडी गावच्या टाइल्सही पुण्यात येतात. काचेवर रंग ओतून हाताने केलेल्या, भट्टीत न भाजता पाण्यात मुरवलेल्या. सुंदर आहेत यात शंका नाही. लांबून येतात आणि फुटतात, त्यामुळे देवघर किंवा ओसरीइतक्याच घ्या.

शेणाची जमीन

कोकणातल्या सासरच्या घरात माजघराची जमीन अजून मातीची आहे. मुरूम आणि माती पसरून, पाणी मारून चोपण्याने चोपायची, सुकली की शेणाने सारवायची. मे अखेरीस दमट हवेने टाइलला घाम सुटतो, पाण्याचा थर साचतो आणि माणसं घसरतात. मातीची जमीन तो ओलावा थोडा पिऊन घेते. पर्यावरणाच्या कुठल्याही कोष्टकात ही जमीन पहिली येईल.

पण दर आठ-पंधरा दिवसांनी ती सारवायची कुणी? शहरातून येऊन मातीच्या घराचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा ओणवं होऊन एक खोली सारवून बघावी. आमच्या घरात हे काम कायम बायकांच्याच वाट्याला आलं. आता आम्ही एवढ्या एका खोलीपुरती ठेवली आहे आणि पाळ्या लावल्या आहेत, दिरांसकट. जमीन काळीभोर दिसावी म्हणून पूर्वी शेणात जुन्या सेलमधली काळी पूड घालत. ती घालू नका, त्यात मँगनीज आणि जस्त असतं. नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड तेच काम करते.

लाकूड, बांबू आणि त्यांच्यासारखं दिसणारं

आधी दुकानदाराला विचारा, वर छापील कागद आहे की खरं लाकूड? लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी आणि वर लाकडाचा फोटो. व्हिनाइल म्हणजे सरळसरळ पीव्हीसी प्लास्टिक, पॅकिंगवर हिरवं पान असलं तरी.

खरं लाकूड हवंच असेल तर वाड्यातलं जुनं सागवान शोधा. तुळया चिरून फळ्या करून मिळतात. चिरण्याआधी खिळे काढलेत ना ते बघा. नवं सागवान बरंच परदेशातून येतं, तेव्हा जंगल कुठलं हे सांगणारं एफएससीसारखं प्रमाणपत्र मागा.

बांबू तीन ते पाच वर्षांत तयार होतो आणि कापल्यावर बेटातून नवे कोंब येतात. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल झाल्यावर जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या माणगा बांबूच्या शेतकऱ्याला तो तोडणं आणि नेणं सोपं झालं. दुकानातलं बांबू फ्लोअरिंग मात्र पुष्कळदा चीनमधून आलेलं असतं आणि त्याच्या पट्ट्या डिंकाने जोडलेल्या असतात. डिंकात फॉर्मल्डिहाइड, म्हणजे डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू, किती ते विचारा, तो कमी असल्याचा ई-झिरो किंवा ई-वन असा शिक्का असावा. नवा खोका उघडून नाक लावा, डोळे चुरचुरले तर तो माल झोपायच्या खोलीत नको. नाशिक, पुण्याच्या कोरड्या हवेत बांबू ठीक चालतो. किनारपट्टीवर पावसाळ्यात फुगतो, म्हणून भिंतीपाशी अर्धा इंच जागा सोडून स्कर्टिंगने झाका. वाळवीचा बंदोबस्त दोन्हीकडे लागतो.

कॉर्क पोर्तुगालमधून येतो. झाड न तोडता साल काढतात हे खरं, पण एवढ्या लांबून आपल्या दमट हवेत आणायचं कारण मला सापडलेलं नाही.

बसवताना उभं राहा

दगड चांगला घेऊन काम बिघडतं ते इथेच. माझ्याच पुण्यातल्या बाल्कनीत मिस्त्रीने कोटा बसवला, सांध्यात पांढरं सिमेंट भरलं आणि वर सांडलेलं तसंच ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी ते निघेना म्हणून ॲसिड ओतलं. सिमेंट गेलं, सोबत दगडाची कातडीही गेली. अजून तिथे अनवाणी चाललं की खरखरीत लागतं. तेव्हापासून मी सांधे भरायच्या दिवशी घरीच थांबते आणि ओला स्पंज हातात घेऊन मागे मागे पुसत जाते.

बाकी मिस्त्रीला आधीच सांगायच्या गोष्टी: लाद्या आधी कोरड्या मांडून बघायच्या, कापलेले तुकडे दारासमोर न येता कपाटाखाली जातील असं बघायचं. मसाला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरतो, जास्त सिमेंटने काही भलं होत नाही. चुन्याचा मसाला करणारा भेटला तर सोन्याहून पिवळं, कारण पुढे लादी अखंड निघते. न्हाणीत उतार पाच फुटांना पाऊण ते एक इंच. बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का बघितल्याशिवाय सांधे भरू द्यायचे नाहीत. बसवल्यावर आठवडाभर पाणी मारायचं आणि तोवर कपाटं ओढायची नाहीत. पॉलिश सगळ्यात शेवटी, रंगकाम झाल्यावर.

रोज पुसायला साधं पाणी पुरतं, चिकट झालं तर थोडा साधा साबण. टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि इंटरनेटवरचे व्हिनेगरचे 'नैसर्गिक' उपाय यांना चुनखडीच्या दगडापासून लांब ठेवा.

आणि उरलेल्या लाद्या मिस्त्रीला नेऊ देऊ नका. आईने घर बांधताना उरलेल्या सात शहाबाद्या परसात भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर कधी कपडे आपटले, कधी पापड वाळवले. पुरानंतर त्या दोन फरशा बदलाव्या लागल्या, तेव्हा त्यांतल्याच घेतल्या. पाच अजून आहेत.